परत आलेलं आमिष

१

कोमिझाच्या धक्क्यावर कुणालाही विचारा, फाब्यान हट्टी माणूस. आणि त्याचा थोरला भाऊ दिंको म्हणजे शेरास सव्वाशेर. दोघं भाऊ एका होडीत कधी बसले नाहीत. कारण घर नव्हे, जमीन नव्हे, निदान उघडपणे बाईसुद्धा नव्हे. कारण बांगडा. जिवंत बांगडा गळाला लावायचा तो नाकपुड्यांतून आरपार, असं फाब्यानचं म्हणणं. दिंको म्हणायचा, छट्, पाठीच्या कातडीखालून ओवावा.

नाकातून ओवलेला बांगडा सरळ पोहतो आणि दिवसभर टिकतो. पाठीतून ओवलेला खाली डोकं घालून धडपडतो, लवकर दमतो, पण त्याची ती धडपड खोल पाण्यातल्या गोफला लांबून कळते. गोफ हा तिथला मोठा मासा, अंगानं रुपेरी, वजनाला चांगल्या बोकडाएवढा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून तर वाद मिटत नव्हता. धक्क्यावर जाळी सांधत बसणारे बार्बा ताद्या त्यांना ‘नाकवाला’ आणि ‘पाठवाला’ अशाच हाका मारायचे. तिथे प्रत्येक वडीलधाऱ्या दर्यावर्दीला बार्बा म्हणतात. हट्टापायी फाब्याननं उभ्या जन्मात एकही बांगडा पाठीतून ओवला नव्हता.

बाकी सगळं मात्र तो दिंकोकडूनच शिकला होता. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, घ्यायचा तो बारीक, घोड्याच्या शेपटीच्या केसाएवढा. जाड दोरा गोफला पाण्यात दिसतो. पण बारीक तंगूसवर मोठा मासा ओढून काढता येत नाही. दिंको म्हणायचा, “ओढायचं नाही रे गाढवा. तो ओढेल तेव्हा सोड, तो थांबेल तेव्हा हलकेच घे. त्याला वाटलं पाहिजे, आपण आपल्या मर्जीनं चाललोय.” आणि दुसरं एक सांगायचा, “आमिष नाकारलं म्हणून रुसू नकोस. त्याची भूक कुठे जात नाही. त्याला काय आवडतं ते बघ आणि आमिष बदल.”

आणखी एक रीत होती, ती दोघांनाही मान्य. गळाला लागूनही जो बांगडा जिवंत वर येतो, त्याला तिथल्या तिथे सोडायचं. दुसऱ्यांदा लावायचा नाही आणि घरी तर आणायचाच नाही. का, ते कुणी सांगत नसे. त्याची पाळी संपली, एवढंच म्हणत.

दिंको गेला त्याला हे तिसरं वर्ष. ब्रुस्निकच्या काळ्या खडकाजवळ त्याची होडी रिकामी सापडली. इंजिन बंद, जाकीट घडी करून बाकावर ठेवलेलं, तंगूस गुंडाळायचं बूच मोकळं. प्रेत मिळालं नाही. दिंकोची बायको पेरिना तेव्हापासून टेबलावर दोन ताटल्या मांडते. दगडावर नाव कोरू देत नाही. ती होडी तिच्या अंगणात ताडपत्रीखाली आहे. दर वर्षी संत निकोलाच्या दिवशी टेकडीवरच्या देवळापुढे एक जुनी होडी जाळतात आणि तिची राख नव्या होडीच्या तळाशी घालतात. यंदा दिंकोची होडी द्यावी, असं गाव म्हणत होतं. पेरिना म्हणत होती, “तो आला तर काय पोहत जाईल मासे धरायला?”

फाब्यानला हे बघवत नव्हतं. पेरिना त्याला आवडायची, आणि दिंकोच्याही आधीपासून. तिला गळ टाकून गरवायला त्यानंच शिकवलं होतं. ती नाकातूनच ओवायची आणि ओवून झालं की बांगड्याच्या डोक्यावरून एकदा अंगठा फिरवायची, जणू पोराला शाळेत धाडतेय. लग्न मात्र पाठवाल्याशी केलं. दिंको हसून म्हणायचा, “माझ्याच घरात फितुरी.” फाब्याननं दुसरीकडे कुठे बघितलं नाही. आता त्याला एवढंच हवं होतं की या बाईनं एकदाचं रडून घ्यावं आणि दुसरी ताटली उचलून ठेवावी. त्यात आपला स्वार्थ किती, हे त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

२

नोव्हेंबरातला तो दिवस इतका शांत होता की धक्क्यावरच्या मांजरीची सावलीसुद्धा पाण्यात हलत नव्हती. फाब्याननं नेहमीप्रमाणे बांगड्यांची पेटी ओढून जवळ घेतली. भोकं पाडलेली लाकडी पेटी, होडीच्या मागे बोयाला बांधून पाण्यात सोडलेली. त्यातले चार चांगले बांगडे बादलीत घेतले आणि तो निघाला. देवळाचा मनोरा भूशिराच्या टोकावर बरोबर उभा दिसला की खाली खडकाचं पठार असतं. तिथे त्यानं इंजिन बंद केलं, बांगडा ओवला, तंगूस सोडला आणि तर्जनीवर घेऊन बसला.

या धंद्यात डोळ्यांना काम नसतं, सगळं काम बोटाला. बांगडा पोहत असतो तोवर बोटावर टुकटुक लागते. गोफ जवळ आला की तो वेडापिसा होतो आणि टुकटुकीची थरथर होते. मग एक क्षण काहीच नाही, आणि मग हिसका.

त्या दिवशी थरथर झालीच नाही. टुकटुक चालू होती, ती मध्येच थांबली. घाबरून थांबावी तशी नव्हे, कुणी समजूत घातल्यावर थांबावी तशी. मग बोटावर थोडं वजन आलं. बाजारात बाई मासा तळहातावर घेऊन अंदाज घेते, तेवढंच. फाब्यान हिसक्याची वाट बघत राहिला. वजन गेलं आणि पुन्हा टुकटुक सुरू झाली.

त्यानं तंगूस वर घेतला. बांगडा ठणठणीत होता. अंगावर ओरखडा नाही, दाताची खूण नाही. फक्त गळ नाकात नव्हता. तो पाठीत होता, पंखाच्या मागे, कातडीखालून एका वळणात ओवलेला.

फाब्याननं स्वतःलाच शिवी दिली. सकाळी लक्ष कुठे होतं, पेरिनाच्या ताटल्यांत. ओवला असेल पाठीतून. माणसाचा हात चुकतो. त्यानं गळ सोडवला, बांगडा पाण्यात टाकला आणि तोंड धुतलं. पण त्याच्या हाताला ते वळण येत नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. लहानपणी दिंकोनं बळंच शिकवायला घेतलं होतं तेव्हाही आलं नव्हतं.

दुपारी धक्क्यावर बार्बा ताद्यांना त्यानं थट्टेवारी सांगितलं, “बार्बा, आज मी पाठवाला झालो.”

“म्हातारा झालास,” बार्बा मान वर न करता म्हणाले. “आधी हात विसरतो, मग बायकोचं नाव. तुला बायको नाही, तेव्हा तेवढं तरी वाचलं.”

३

दुसऱ्या दिवशी तो ठरवून गेला. बादलीत एकच बांगडा घेतला. ओवताना मोठ्यानं म्हणाला, “हा नाकातून. बघ, नाकातून ओवला.” कुणाला सांगितलं कोण जाणे, होडीत दुसरं कुणी नव्हतं. तंगूस खाली गेला आणि टुकटुक सुरू झाली. डोकं ठिकाणावर आहे का, हे बघायला त्यानं धक्क्यावरच्या घरांची नावं ओळीनं म्हटली. एकही चुकलं नाही.

टुकटुक थांबली. वजन आलं. यावेळी ते जास्त वेळ राहिलं, आणि त्यात बारीक हालचाल होती. कुणीतरी निवांतपणे दोन बोटांनी काही करत होतं. ओढावंसं वाटत होतं आणि ओढायचं नाही हे अंगात मुरलेलं होतं, म्हणून तो तसाच बसला.

बांगडा वर आला. गळ पाठीत.

तेव्हा त्यानं मान वर केली आणि त्याच्या ध्यानात आलं की मनोरा भूशिराच्या टोकावर नाही. मनोरा दिसतच नव्हता. वारा नव्हता. पाण्यावरचं शेवाळ त्याच्या डोळ्यांदेखत गावाकडे सरकत होतं, म्हणजे ओढ गावाकडची. होडी मात्र उलटी, ब्रुस्निकच्या बाजूला कितीतरी आली होती. आणि तंगूस वर घेण्यापूर्वी तो सरळ खाली गेलेला नव्हता, पुढे तिरका होता. हे त्याला दिसलं होतं, फक्त मनानं घेतलं नव्हतं.

पुष्कळ कारणं होती. खालचा प्रवाह वेगळा असतो. डोळे थकतात. ब्रुस्निकचा दगड होकायंत्राची सुईसुद्धा फिरवतो, तिथे माणसाचं डोकं फिरलं तर नवल काय? पण बांगड्याचं काय करायचं? सोडून दिला की झालं, संध्याकाळपर्यंत तो स्वतःच म्हणणार की आपल्याला भास झाला. त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी ते बघून हवं होतं. आपण वेडे झालेलो नाही, एवढंच हवं होतं.

म्हणून त्यानं ती चूक केली. तंगूस हातभर ठेवून कापला आणि गळासकट बांगडा बादलीत टाकून घरी आणला.

४

बार्बा ताद्यांनी पेटीचं झाकण उचलून पाहिलं. तो बांगडा इतरांपासून बाजूला, कोपऱ्यात उभा होता, आणि इतर सगळे त्याच्याकडे तोंड करून होते.

“हे दिंकोचं काम आहे,” बार्बा म्हणाले.

“तुम्हालाही तसंच वाटतं ना?”

“वाटतं कसलं, दिसतंय. ते वळण त्याच्याशिवाय कुणाला यायचं?” मग त्यांचा चेहरा उतरला. “कुठनं आणलास हा?”

“वर आला.”

“जिवंत वर आला आणि तू घरी घेऊन आलास?”

बार्बांनी झाकण लावलं, हात पँटला पुसले, परत एकदा पुसले. त्यांनी जाळं गुंडाळलं आणि ऊन असतानाच घरी निघून गेले. जाताना तेवढं म्हणाले, “मला दाखवलंस ते दाखवलंस, तिला दाखवू नको.”

पण कोमिझात गोष्ट लपून राहत नाही. बार्बांच्या बायकोनं दार लोटायच्या आत ती पेरिनाच्या अंगणात पोचली होती. फाब्यान तिच्याकडे गेला तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. चुलीवर ब्रुदेत, माशांचं कालवण, रटरटत होतं, कांद्याचा आणि वाईनचा वास भरला होता. खिडकी उघडी होती. दोन ताटल्या होत्याच, आज दोन पेलेही होते.

“मी बघून आले,” ती म्हणाली.

“पेरिना, अगं माझा हात चुकला असेल.”

“तुझा? तुझ्या हाताला मेल्यावरसुद्धा ते वळण यायचं नाही. उद्या मला घेऊन चल.”

“नाही.”

“तो आहे रे तिथं कुठेतरी. एखाद्या खडकावर असेल. उपाशी असेल.”

“तीन वर्षं? पाण्याखाली?”

ती हसली, आणि तेच त्याला सोसवलं नाही. तीन वर्षांत ती हसली नव्हती. “मी वेडी नाही,” ती म्हणाली. “मला कळतं तू काय म्हणतोस ते. पण मी काय करू? ताटली उचलायला हात जात नाही माझा. तूच सांग तो मेला म्हणून. तू बघितलं असशील तर सांग. तुझं ऐकेन मी.”

फाब्यान जेवला नाही. दाराशी आल्यावर त्याला मागून ऐकू आलं, ती त्या दुसऱ्या ताटलीत भात वाढत होती.

५

तिसऱ्या दिवशी तो एकटाच गेला. एखादं हाड मिळालं, बूट मिळाला, तरी त्याला चालणार होतं. पेरिनासमोर ठेवण्याजोगं काहीतरी. सरळ ब्रुस्निकपर्यंत गेला. होकायंत्राची सुई नेहमीसारखी भलतीकडे वळली. भर दुपार होती आणि समुद्र इतका स्वच्छ की होडीची सावली खूप खाली कुठेतरी पडलेली दिसत होती.

आणि त्यानं जन्मात पहिल्यांदा बांगडा पाठीतून ओवला. वेडावाकडा ओवला गेला, पण गेला. “घे,” तो म्हणाला, “तुझंच खरं.”

टुकटुक झालीच नाही. तंगूस पुरता खाली जायच्या आत वजन आलं, आणि या वेळी ते भरपूर होतं. फाब्याननं हलकेच घेतलं. ते आलं. त्यानं आणखी घेतलं, तेव्हा ते थांबलं. त्यानं सोडलं तर ते गेलं. पुन्हा थांबलं, म्हणून त्यानं पुन्हा घेतलं. त्याला भान राहिलं नाही. इतका सुरेख खेळ त्याच्या हातून कधी झाला नव्हता. घाम डोळ्यांत उतरत होता, खांदे भरून आले होते आणि तरी सोडवत नव्हतं. प्रत्येक वेळी वाटे, आणखी थोडं पुढे गेलं की आलंच.

मग त्याचं लक्ष खडकाकडे गेलं. ब्रुस्निक मागे पडला होता. पुढे नुसता समुद्र होता. दमला होता तो फाब्यान. समोरचं वजन जराही दमलेलं नव्हतं. तो ओढत होता तेव्हा कुणीतरी सोडत होतं, आणि तो थांबत होता तेव्हा कुणीतरी हलकेच घेत होतं.

तळाला काच बसवलेली बादली त्यानं डाव्या हातानं पाण्यात दाबली आणि तोंड आत घातलं.

निळं पाणी आणि त्यात तिरपं ऊन. तंगूस एखाद्या कोळिष्टकाच्या तंतूसारखा चमकत खाली गेला होता. त्याच्या टोकाशी एक हात होता. पांढरा, सुरकुतलेला, मनगटाशी निळ्या लोकरीची बाही. ती लोकर पेरिनानं विणलेली, कोपराला ठिगळ असलेली. हात उघडत होता आणि मिटत होता. पाण्यानं हलावा तसा नव्हे. बोटं ओळीनं, एकेक करून, तंगूस चाचपत होती.

बाकीचं अंग अंधुक होतं आणि पालथं होतं. फाब्यानला पाठ दिसली. पाठीच्या मधोमध, मानेच्या जरा खाली, स्वेटर उचलल्यासारखा ताणलेला होता. आणि तिथून दुसरा एक तंतू निघून खाली गेला होता, सरळ, जिथे ऊन पोचत नाही तिथवर. तो तंतू जरासा ताणला गेला. पाठ धडपडली. डोकं खाली गेलं, आणि हात पुन्हा चाचपू लागला.

आमिष मेलेलं चालत नाही. फाब्यानला ते सगळ्या जगापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

त्यानं सुरी काढली आणि तंगूस कापला. कापता कापता सुरीही हातातून निसटून पाण्यात गेली. ती चकाकत खाली गेली तिकडे त्यानं बघितलं नाही. इंजिन सुरू केलं आणि मनोरा दिसेपर्यंत तो मोठमोठ्यानं रडत होता. भाऊ जिवंत होता आणि त्यानं त्याला तिथेच सोडलं होतं.

६

“दिसला?” पेरिनानं दारातच विचारलं.

येताना सगळ्या वाटेवर तो हेच घोकत आला होता. “दिसला,” तो म्हणाला. “खडकाच्या कपारीत आहे, खूप खोल. काढता येणार नाही. गेलाय तो पेरिना. केव्हाच गेलाय.”

“तू स्वतः पाहिलंस?”

“बाही पाहिली. निळी, तुझ्या हातची.”

ती खुर्चीत बसली आणि रडली. तीन वर्षांचं रडली. फाब्यान तिच्या खुर्चीमागे उभा होता. खांद्यावर हात ठेवायचा धीर त्याला झाला नाही. बऱ्याच वेळानं ती उठली, दुसरी ताटली पुसली आणि कपाटात ठेवली. “होडी घेऊन जा म्हणावं,” ती म्हणाली. “आणि तो पेटीतला बांगडा मी सकाळी सोडते. दिंकोच्या नावानं. तेवढं मला करू दे.”

त्या क्षणी त्याला नाही म्हणायला हवं होतं. पण तो थकला होता, आणि खरं सांगायचं तर सुखावलाही होता. तो म्हणाला, “सोड.”

सकाळी तो धक्क्यावर आला तेव्हा ऊन नुकतंच पाण्याला लागलं होतं. पेरिना त्याच्या होडीत उतरून पेटीपर्यंत गेली होती. पेटीचं झाकण उघडं होतं. ती बाकावर बसली होती, शाल पांघरून, मान एका बाजूला कलती करून, दूरचं गाणं ऐकावं तशी. तिच्या तर्जनीवर तंगूस होता.

फाब्याननं तो हातभर ठेवून कापला होता. आता तो पेटीच्या भोकातून बाहेर पडून बंदराच्या तोंडाकडे गेला होता आणि दिसत होता तोवर संपत नव्हता.

“पेरिना, सोड तो.”

“खोटारड्या,” ती म्हणाली. रागानं नव्हे, मायेनंच. “हात ओळखते मी त्याचा.”

“तुला माहीत नाही ते काय आहे. सोड आधी.”

“ओढत नाहीये मी. ओढायचं नसतं, मला माहीत आहे.” होडी धक्क्यापासून सुटली होती. वल्ही आत आडवी पडली होती, इंजिन बंद होतं, आणि होडी निघाली होती. “एकच सांग. जिवंत आहे ना तो?”

फाब्याननं काय सांगावं? मेला म्हटलं तर ते तिनं काल ऐकलं होतं, आणि आता तिच्या बोटाला खरं काय ते लागत होतं. त्याला वाटलं, सगळं खरं सांगितलं तर ती सोडेल.

“आहे,” तो ओरडला, “पण ऐक, त्याच्या पाठीत...”

पुढचं तिनं ऐकलं नाही. पहिलाच शब्द तिला हवा होता. ती त्याच्याकडे बघून हसली, लग्नाच्या दिवशी दिंकोकडे बघून हसली होती तशी. सुरीसाठी फाब्यानचा हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. तो पाण्यात उतरला, गळ्याएवढ्या पाण्यात गेला, मग पोहला. होडी घाईत नव्हती. तो जवळ आला की ती जरा पुढे जाई.

बार्बा ताद्यांच्या होडीतून ते आणि फाब्यान तिच्या मागे गेले तेव्हा होडी भूशिरापलीकडे सापडली. आत कुणी नव्हतं. शाल घडी करून बाकावर ठेवलेली होती.

७

संत निकोलाच्या दिवशी दिंकोची होडी जाळली. नको म्हणायला आता कुणी राहिलं नव्हतं. देवळापुढे सारा गाव जमला होता, बायका पोगाचाची भरली रोटी वाटत होत्या, आणि जुनं लाकूड कडकडत पेटलं. बार्बा ताद्या फाब्यानच्या दंडाला धरून उभे होते. तो समुद्रावर गेला नव्हता. गळ, तंगूस, बुचं, सगळं त्यानं देऊन टाकलं होतं. पेटी तेवढी बोयाला तशीच होती, रिकामी.

धूर डोळ्यांत गेला म्हणून तो बाजूला झाला आणि उतरून धक्क्यावर आला. सगळी दारं बंद होती. मांजर धक्क्यावर बसून पाण्याकडे बघत होती. वारा नव्हता. त्या शांततेत त्याला लाकडावर आपटल्याचा आवाज आला. टुक. मग पुन्हा टुक.

त्याला कळत होतं की वर निघून जावं. त्यानं दोरी धरून पेटी जवळ ओढली, कारण न बघता निघून जाणं त्याला जमणार नव्हतं.

आत एकच बांगडा होता, ताजा, ठणठणीत. गळ पाठीत नव्हता. नाकपुड्यांतून आरपार ओवलेला होता, सफाईनं, त्यानंच कधीकाळी कुणाला शिकवलं होतं तसा. आणि बांगड्याच्या डोक्यावरची चकाकी एका पट्टीत पुसली गेली होती, अंगठ्याएवढ्या रुंदीची.

गळाला तंगूस होता आणि तो पेटीच्या भोकातून बाहेर जात होता.

पहिल्या आमिषाला तो फसला नव्हता. त्यानं ते कापून टाकलं होतं. दिंको म्हणायचा, रुसू नकोस, त्याला काय आवडतं ते बघ.

फाब्यान धक्क्याच्या पायरीवर बसला. बूट काढून त्यानं शेजारी ठेवले. तंगूस उचलून तर्जनीवर घेतला. पाणी थंड होतं. खूप लांबवर कुणीतरी जिवंत होतं, आणि ते कोण ते बोटाला लगेच कळलं.

“नाकवाल्या, कुठे आहेस रे?” वरून बार्बा ताद्यांची हाक आली. “राख घ्यायला ये.”

तंगूस जरा ताणला गेला, तेव्हा फाब्याननं तो सोडला. मग तो थांबला, आणि फाब्याननं हलकेच घेतला.